आधी विसावा, मग एक्केचाळिसावा

आजच्या चिंतनाचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक २०.

खरं तर आज क्रमानं पुढचा श्लोक घ्यायचा होता. तो उद्यावर ढकललाय, कारण दहाव्या अध्यायाचं एक देणं माझ्यावर आहे आणि ते फेडल्याशिवाय पुढे लिहायला बोट उठत नाहीये.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तीन आठवड्यांपूर्वी मी टाकलेला फोटो पाहिला असेल. रताळ्याचं हिरवं पान आणि त्यावर सोन्याच्या थेंबासारखा एक भुंगेरा. खाली मी दहाव्या अध्यायातल्या एक्केचाळिसाव्या श्लोकाचा आशय लिहिला होता: जगात जे जे ऐश्वर्यानं, शोभेनं, सामर्थ्यानं भरलेलं दिसतं, ते माझ्या तेजाच्या एका अंशातून आलंय असं समज. भरपूर लाईक आले. कुणी 'विभूतीचं दर्शन झालं' असं लिहिलं, कुणी हात जोडले. एका दादांनी तो फोटो मोबाईलचा वॉलपेपर केल्याचं कळवलं.

मित्रांनो, त्या फोटोतला भुंगेरा मेलेला होता. आणि तो माझ्यामुळे मेला होता.

पहिल्यापासून सांगतो.

आषाढी एकादशीला आईनं उपासासाठी रताळी आणली होती. त्यातलं एक टोपलीत मागे राहिलं आणि त्याला कोंब फुटले. आईला असं काही टाकवत नाही. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या मागच्या बाजूला छोटी बाग आहे, तिथे कुंपणाजवळ तिनं ते पुरलं. पावसानं महिनाभरात वेल अशी पसरली की माळीकाका म्हणाले, "काकू, आता ही आवरा."

श्रावणात पानांना गोल गोल भोकं दिसायला लागली. मी एका रविवारी सकाळी बघायला गेलो आणि एका पानावर तो दिसला. करंगळीच्या नखाएवढा. पाठ कासवासारखी फुगीर, कडा काचेसारख्या पारदर्शक आणि मधे अस्सल सोनं. सोनेरी रंग म्हणत नाहीये मी. रंग वेगळा आणि चकाकी वेगळी. आकाशातला ढग सरकला की त्याच्या पाठीवरचा उजेडही सरकत होता.

नंतर वाचून कळलं की त्याला कासव-भुंगेरा म्हणतात. रताळं, गारवेल, बेशरम या एकाच घरातल्या वेली-झुडपांवर तो राहतो आणि त्यांचीच पानं खातो.

मी मोबाईल काढला, वर क्लिपवाली मॅक्रो लेन्स बसवली. आणि तिथून पुढे माझं बघणं संपलं. कारण तो स्थिर बसेना. लेन्स जवळ नेली की चालायला लागायचा, सावली पडली की पानाला चिकटून बसायचा. मग फक्त पाठ दिसायची, त्या पाठीत माझाच मोबाईल उमटायचा. वारा आला की पान हलायचं. वीस मिनिटांत चाळीसेक फोटो काढले, सगळे हललेले.

किडे स्थिर राहावेत म्हणून त्यांना थोडा वेळ गार करायचं, ही युक्ती मी कुठेतरी पाहिली होती. थंडीत त्यांची हालचाल मंदावते, मग निवांत फोटो काढता येतो. मी आईची वेलदोड्याची रिकामी डबी घेतली, पानासकट त्याला आत ठेवलं आणि वर आलो. फ्रिजमध्ये वेळ लागेल म्हणून फ्रीझरमध्ये ठेवला. मनात म्हटलं, तीन मिनिटं.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. प्रॉडक्शनला काहीतरी अडकलं होतं आणि रविवारची ड्यूटी माझी होती. लॅपटॉप उघडला. तीन मिनिटांची पन्नास मिनिटं झाली.

डबी उघडली तेव्हा पाय पोटाशी घेऊन तो गप्प पडला होता. मला वाटलं, गारठलाय, उन्हात ठेवला की उठेल. खरं सांगू? त्या क्षणी मला आनंदच झाला होता, की आता हलणार नाही. खाली जाऊन त्याला पानावर ठेवलं, काडीनं सरळ केलं, पाण्याचे दोन थेंब शिंपडले आणि पंधरा फोटो काढले. एकाहून एक सुंदर. सोनं अजून शाबूत होतं. घरी येऊन सगळ्यात चांगला निवडला, एक्केचाळिसावा श्लोक लिहिला आणि टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेलीखाली मातीत होता. पाठीवरचं सोनं फिकं पडलं होतं. तिसऱ्या दिवशी साधा तपकिरी किडा उरला, वाळलेल्या चिंचोक्याच्या सालीसारखा.

सोनं गेलं कुठे, हे शोधत त्या रात्री बसलो. ते सोनं म्हणजे रंगद्रव्य नसतंच. त्याच्या कवचात अगदी पातळ पातळ थर असतात आणि त्या थरांमध्ये ओलावा असतो. त्यांच्यावरून उजेड परत फिरतो, म्हणून सोनं दिसतं. जिवंत शरीर तो ओलावा राखून असतं. जीव गेला की कवच सुकतं आणि चकाकी जाते. म्हणूनच संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेले कासव-भुंगेरे बहुतेक वेळा मळकट तपकिरी दिसतात. या कुळातल्या काही जातींचा रंग तर नुसता त्रास दिला तरी काही मिनिटांत बदलतो.

म्हणजे ज्या तेजाचं मी एवढं कौतुक केलं, ते त्याच्या जिवंत असण्यालाच लागून होतं. आणि ते पकडण्यासाठी मी नेमकं त्याचं जिवंत असणंच डबीत बंद केलं.

आईला कसं कळलं? वेलदोड्याची डबी शोधताना तिला ती माझ्या टेबलावर सापडली, आत सुकलेलं पान. मी सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती एवढंच म्हणाली, "गारठला असेल रे तो."

मग थोड्या वेळानं विचारलं, "आणि खाली श्लोक कुठला लिहिलास?"

मी सांगितला.

श्रावणात आईचं ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. त्या संध्याकाळी तिनं त्या दिवसाचं वाचन झाल्यावर पोथी मिटली नाही. तेराव्या अध्यायाची पानं काढली, अहिंसेचं निरूपण आहे ती. मला म्हणाली, "बस जरा." आणि वाचत गेली.

ज्यांनी तो भाग वाचलाय त्यांना माहीत असेल. ज्याच्या अंगात अहिंसा मुरली आहे तो माणूस चालतो कसा, हे माउली तिथे सांगतात. पाण्याची लाट न मोडता बगळा कसा पाय टाकतो, आतला केसर चुरगळेल या भीतीनं भुंगा कमळावर किती अलगद उतरतो, तसा हा माणूस जमिनीवर पाऊल ठेवतो. का? तर कणाकणात बारीक जीव अडकलेले आहेत हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो आपलं पाऊल जणू करुणेत लपवून चालतो.

आई वाचत होती आणि मला माझी काडी दिसत होती, त्याला सरळ करणारी. अहिंसा समजावताना माउलींनी एका भुंग्याच्या पायांचा हळुवारपणा दाखवला आणि मी एका भुंगेऱ्याचे पाय पोटाशी गोठवून वर गीता लिहिली.

त्या रात्री मी दहावा अध्याय काढून पहिल्यापासून वाचला. पहिल्यापासून म्हणतोय, कारण खरं सांगायचं तर एक्केचाळिसावा श्लोक मी आधी मधले श्लोक वाचून निवडला नव्हता. फोटोला शोभेल असं काहीतरी हवं होतं, तो आठवला, चिकटवला.

दहाव्या अध्यायात एकूण ४२ श्लोक आहेत. अर्जुन विचारतो, तुझं चिंतन मी कुठल्या कुठल्या रूपात करू? तुझ्या विभूती मला सविस्तर सांग. एकोणिसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की माझ्या विस्ताराला अंत नाही, मुख्य मुख्य तेवढ्या सांगतो. मग ती प्रसिद्ध यादी येते. आदित्यांमध्ये विष्णू, पर्वतांमध्ये मेरू, पशूंमध्ये सिंह, पक्ष्यांमध्ये गरुड, जलचरांमध्ये मगर, नागांमध्ये अनंत. फसवणाऱ्यांमधला जुगारसुद्धा त्यात आहे. अशी ती यादी वाचायला आपल्याला आवडते, कारण प्रत्येक ओळीत काहीतरी भव्य आहे, डोळ्यांत भरणारं आहे.

मी त्या यादीत किडा शोधत होतो. नाव घेऊन किडा कुठेच नाही. मग परत वर आलो आणि लक्षात आलं की यादी मेरूपासून सुरूच होत नाही. सिंहापासून नाही, सूर्यापासूनही नाही. ती सुरू होते विसाव्या श्लोकापासून आणि पहिली विभूती भगवंत सांगतात ती अशी: सर्व प्राण्यांच्या हृदयात राहणारा आत्मा मी आहे. सगळ्यांचा आरंभ, मध्य आणि शेवटही मीच.

बाकी सगळं त्यानंतर.

हा श्लोक मी पूर्वी कितीदा वाचला असेन. पण प्रस्तावना असल्यासारखा वाचून पुढे जायचो, पुढे मजेशीर यादी आहे म्हणून. आता कळतंय की ती प्रस्तावना नाही. माझ्या रोजच्या कामातली उपमा द्यायची तर, प्रोग्रॅममध्ये जे वरती एकदा जाहीर केलेलं असतं त्याच्या जिवावर खालच्या सगळ्या ओळी चालतात. वरची ओळ काढून टाकलीत आणि खालची एकच सुंदर ओळ उचललीत, तर ती दिसेल छान, पण चालणार नाही. मी नेमकं तेच केलं होतं. विसावा गाळला आणि एक्केचाळिसावा चालवला.

विसाव्याशिवाय एक्केचाळिसावा वाचला की काय होतं? तेज ही एक वस्तू होते. सुंदर आहे, म्हणजे देवाची आहे, म्हणजे मला हवी. मग ती मिळवण्यासाठी ज्याच्या अंगावर ती आहे त्याला हलवायचं, दाबायचं, गोठवायचं. आणि वर स्वतःला भक्त म्हणवायचं. विसावा आधी वाचला तर क्रम उलटतो. आधी त्याच्या आत कोण आहे ते आठवायचं आणि मग बाहेर काय चमकतंय ते बघायचं. आत जो आहे तो आधीच नमस्काराला पात्र आहे, मग पाठ सोनेरी असो की तपकिरी.

वारीत हेच तर करतात. अनोळखी माणूस समोर आला तरी वारकरी त्याला 'माउली' म्हणतो आणि पायावर डोकं ठेवतो. तो गोरा की काळा, श्रीमंत की गरीब, शिकलेला की अडाणी, काही विचारत नाही. पंढरपूरचं देऊळ अजून दूर असतं, विठोबा दिसायचा असतो, पण नमस्कार रस्त्यातच सुरू झालेला असतो. विसावा श्लोक पायी चालतो तो असा.

आणि मी? पालखी पुण्यात येते तेव्हा गर्दीत हात उंच करून मी व्हिडिओ घेतो. गेल्या वर्षी पादुका माझ्यापासून हातभर अंतरावरून गेल्या आणि मी त्या स्क्रीनवर पाहिल्या. माझ्या शेजारी एक आजोबा होते. ते माझ्या कोपराखालून वाकून दर्शन घ्यायचा प्रयत्न करत होते, हे मला घरी व्हिडिओ बघताना कळलं. त्यात त्यांची टोपी दिसते. फ्रीझरमधला भुंगेरा ही अपघाताची गोष्ट आहे असं मी स्वतःला दोन दिवस समजावत होतो, फोन आला म्हणून झालं. पण तो व्हिडिओ आठवला आणि ती पळवाट बंद झाली. सवय तीच होती. समोरचा जीव म्हणजे फ्रेममधला अडथळा.

काही जण म्हणतील, एका किड्यासाठी एवढं? रताळ्याच्या शेतात हाच भुंगेरा कीड असतो, शेतकरी तो मारतातच. खरं आहे. शेतकऱ्याला पीक वाचवायचं असतं, घर चालवायचं असतं आणि त्याला शिकवण्याचा अधिकार मला नाही. आमच्या घरातही डास मारले जातात. पण माझ्यापुढे ना भूक होती ना नड. मला फक्त कौतुक हवं होतं आणि तेही देवाच्या नावावर हवं होतं. मला बोचतंय ते हे.

आता पुढचं सांगतो.

त्यानंतर मी त्या वेलीकडे जायचंच टाळत होतो. आठ-दहा दिवसांनी आईनंच सांगितलं, "अरे, पानाखाली काहीतरी काटेरी आलंय, बघ बरं." गेलो. पानाच्या मागे चपट्या, काटेरी अळ्या होत्या. प्रत्येकीनं शेपटीकडे स्वतःच्या जुन्या कातींचा आणि घाणीचा एक गोळा छत्रीसारखा पाठीवर धरला होता. बघून शिसारी आली. हात झटकून टाकायलाच पुढे झाला होता. मग ओळखलं. ही त्याचीच पिल्लावळ. कासव-भुंगेऱ्याच्या अळ्या शत्रूपासून वाचायला असाच आडोसा करतात. सोन्याचा भुंगेरा आधी इथून जातो.

फोटो काढावा असं त्या अळीत काहीही नव्हतं. एक्केचाळिसाव्या श्लोकाचा चष्मा लावून तिच्यात काही दिसलं नसतं. विसाव्याचा लावला तर ती आणि तो एकच. मी हात मागे घेतला. वेल आवरा म्हणून माळीकाका पुन्हा आले, तेव्हा त्यांना विनंती केली की कुंपणाजवळचा तेवढा भाग महिनाभर राहू द्या. ते हसले, पण राहू दिला.

आणि परवा सकाळी साडेसहाला, पाऊस नुकता थांबला होता, तिथे पुन्हा सोनं दिसलं.

या वेळी मोबाईल खिशातच ठेवला. गुडघ्यावर बसलो. माझी सावली त्याच्यावर पडली आणि तो पानाला चिकटला, म्हणून सरकून दुसऱ्या बाजूला गेलो आणि वाट बघितली. दोन मिनिटं, चार मिनिटं. मग कवचाची कड किंचित उचलली गेली आणि खालून दोन मिशा बाहेर आल्या. त्या हवेत काहीतरी चाचपत होत्या. मग तो चालला, पानाच्या शिरेपाशी थांबला आणि खायला लागला. इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होतो की तो पान खातो तेव्हा भोक कसं हळूहळू गोल होत जातं. त्या भोकातून पलीकडची माती दिसायला लागली. त्याच्या पारदर्शक कडेखालून पानाचा हिरवा रंग दिसत होता. पहिल्या भुंगेऱ्याला मी चाळीस-पन्नास वेळा क्लिक केलं होतं आणि त्याला मिशा आहेत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

अर्धा तास गेला असेल. पाय मुंगीनं जड झाले. शेवटी मोबाईल काढून लांबूनच एक फोटो घेतला, फ्लॅश न लावता. तो जरा हललाय आणि सोनं त्यात पिवळसर डाग म्हणून आलंय. ती चकाकी उजेडाची आणि कोनाची आहे. डोळा हलतो तशी ती हलते, फोटोत मावत नाही. आईला दाखवला. ती म्हणाली, "काही कळत नाही यात." मग चप्पल घालून स्वतःच खाली बघायला गेली.

तो फोटो मी टाकणार नाहीये. जुना फोटो काढून टाकावा असं वाटलं होतं, पण मग वाटलं, ते लपवणं झालं. म्हणून तो ठेवलाय आणि त्याखालचा मजकूर बदललाय. आता तिथे लिहिलंय की हा भुंगेरा फोटोसाठी गोठवला गेला आणि त्यात मेला, चूक माझी. ज्यांनी त्या फोटोला हात जोडले त्यांची मनापासून माफी मागतो. तुमचा नमस्कार खोटा नव्हता. मी पुढे केलेली गोष्ट खोटी होती.

भगवंत अध्याय संपवताना, बेचाळिसाव्या श्लोकात, अर्जुनाला म्हणतात की हे सगळं एवढं जाणून तरी तुला काय करायचंय, या साऱ्या जगाला मी माझ्या एका अंशानं धरून उभा आहे. एवढी मोठी यादी ऐकवून झाल्यावर ते असं म्हणतात. आजवर नोंदलेल्या भुंगेऱ्यांच्याच जाती साडेतीन-चार लाखांच्या घरात आहेत. सगळ्या बघून, सगळ्यांचे फोटो काढून कुणाचं पुरं होणार आहे? कुंपणाजवळचा एक नीट बघितला तरी पुष्कळ झालं.

आजचा संकल्प: आज जो कुठला जीव समोर येईल, कबुतर, कुत्रं, मांजर, मुंगी, लिफ्टमधला शेजारी, त्याच्याकडे मोबाईल खिशात ठेवून एक मिनिट बघायचं. बघताना मनात विसावा श्लोक आठवायचा. त्यानंतर फोटो काढावासा वाटला तर जरूर काढा. पण तो जिथे आहे तिथे, जसा आहे तसा. त्याला पकडायचं नाही, गार करायचं नाही, पान तोडायचं नाही. तो हलला तर आपण थांबायचं.

उद्या पुन्हा क्रमानं पुढे जाऊ.

राम कृष्ण हरी.